मिटल्या डोळ्यांचे पाहणे

वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रकार कधी ना कधी पाहिला असेल. परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठावे, दिवा लावावा आणि सहज शेजारच्या खाटेकडे लक्ष जावे. मित्र गाढ झोपलेला, हातपाय लुळे. पण मिटल्या पापण्यांखाली बुबुळे इकडून तिकडे धावताहेत, जणू आत कसला सामनाच चालू आहे. अशा वेळी त्याला हलवून उठवले तर तो बहुधा स्वप्न सांगू लागतो. (आधी शिव्या घालतो, ही गोष्ट वेगळी.)

या झोपेची शास्त्रात नोंद झाली ती १९५३ साली. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि त्याचे प्राध्यापक नथानिएल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या या जलद हालचालींविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी ॲसेरिन्स्कीने आपल्या आठ वर्षांच्या मुलावरही प्रयोग केले होते. पुढे १९५७ मध्ये क्लाइटमन व विल्यम डिमेंट यांना असे आढळले की, या झोपेतून जागे केलेले लोक दहापैकी आठ वेळा स्वप्न सांगू शकतात. आज हिला आपण 'रेम' झोप म्हणतो.

कलाशाखेच्या वार्षिकात मज्जातंतूंची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण आपण किती सहज वापरतो! ती कितपत खरी, हे पाहायचे तर थोडे मेंदूत शिरावे लागते.

फ्रान्समधील लिआँ येथे मिशेल जुवे मांजरांच्या झोपेचा अभ्यास करीत होते. १९५९ च्या सुमारास त्यांना मेंदूच्या देठात, 'पॉन्स' म्हणजे सेतू नावाच्या भागात, रेम झोपेच्या वेळी टोकदार विद्युत्-लहरी उठताना दिसल्या. तशाच लहरी लवकरच आणखी दोन ठिकाणी सापडल्या: मेंदूच्या मध्यभागी असलेल्या 'जेनिक्युलेट' केंद्रात आणि डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या 'ऑक्सिपिटल' भागात. या तिन्हींच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'पीजीओ' लहरी हे नाव पडले. एकेक लहर सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाएवढी. मांजराच्या रेम झोपेत अशा मिनिटाला साठेक उठतात. गंमत अशी, की रेम झोप लागण्याच्या अर्धा ते दीड मिनिट आधीच त्या सुरू झालेल्या असतात.

आता जेनिक्युलेट आणि ऑक्सिपिटल ही दोन्ही ठिकाणे पाहण्याच्या वाटेवरची. जागेपणी डोळ्यातील पडद्यावरून निघालेला संदेश प्रथम जेनिक्युलेटमध्ये आणि तेथून मागच्या दृष्टिकेंद्रात जातो. रेम झोपेत डोळे बंद, खोलीत अंधार. तरी त्याच वाटेवर वर्दळ चालू! प्राण्यांमध्ये डोळे काढून टाकल्यावरही या लहरी थांबल्या नाहीत. कारण त्या डोळ्यांकडून येतच नाहीत, सेतूकडून येतात. मनमाडला गाडी मुंबईहून येते, तशी दौंडकडूनही येते. भुसावळच्या फलाटावर उभ्या असलेल्याला नुसती गाडी पाहून ती कोठून निघाली, हे थोडेच कळते? दृष्टिकेंद्राचेही तसेच होत असावे. आलेल्या संदेशाला ते 'दृश्य' समजते.

जागेपणी ही दुसरी वाट बहुतांशी बंद असते. सेरोटोनिन हे द्रव्य वापरणाऱ्या पेशी सेतूतील त्या पेशींना आवरून धरतात. रेम झोपेत या पहारेकऱ्यांचाच डोळा लागतो. माणसाच्या मेंदूत इतक्या खोलवर मोजमाप घेणे सोपे नव्हे. तरी २००७ मध्ये कंपवाताच्या एका रुग्णाच्या मेंदूत उपचारासाठी बसविलेल्या तारांमधून अशाच लहरी नोंदल्या गेल्या.

या सर्वांच्या आधारे ॲलन हॉब्सन व रॉबर्ट मॅकार्ली यांनी १९७७ साली एक धीट मत मांडले. खालून येणाऱ्या या अर्थहीन धक्क्यांची मोठा मेंदू कशीबशी गोष्ट जुळवितो आणि तेच स्वप्न, असे ते म्हणाले. फ्रॉइडच्या अनुयायांना हे झोंबणे साहजिक होते. पण मला स्वतःला हॉब्सन अर्धेच पटतात. दिवा कोणी लावला ते त्यांनी सांगितले, पण पडद्यावर हेच चित्र का, ते नाही. शिवाय मार्क सोम्स यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, मेंदूच्या पुढच्या भागातील काही तंतूंना इजा झालेल्या रुग्णांची स्वप्ने बंद झाली होती, आणि त्यांचा सेतू मात्र शाबूत होता. म्हणजे म्हण अगदीच खोटी नव्हे.

वर्गात हा भाग शिकवून झाल्यावर आमच्या एका अंध मित्राने विचारले, "मग माझ्या त्या वाटेवरून काय जाते?" सर क्षणभर थांबले. मग त्यांनी सांगितले की, जन्मांधांना किंवा अगदी लहानपणी दृष्टी गेलेल्यांना सहसा चित्रे दिसत नाहीत. त्यांची स्वप्ने आवाजाची, स्पर्शाची, वासाची असतात. सुमारे सातव्या वर्षानंतर दृष्टी गेली, तर स्वप्नातले पाहणे बहुधा टिकून राहते.

मित्राची दृष्टी नवव्या वर्षी गेली. बाहेर व्हरांड्यात तो मला म्हणाला, "सर म्हणाले ते बरोबर आहे. मला आई दिसते. घरी गेलो की सगळे सांगतात, तिचे केस पिकलेत म्हणून. पण माझ्या स्वप्नात ते अजून काळेच आहेत रे."