साळिंदर

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे अभयारण्य आहे. तेथील वाघ पाहावयास लोक दुरून येतात. परंतु ज्याच्या वाटेस जाताना वाघानेही जपून असावे, असा एक प्राणी विदर्भाच्या रानांत आढळतो. तो म्हणजे साळिंदर. त्यालाच साळू किंवा सायाळ असेही म्हणतात.

साळिंदर हा उंदीर व खार यांच्याप्रमाणे कुरतडणारा प्राणी होय. त्याचे वजन ११ ते १८ किलो भरते. त्याच्या पाठीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे अणकुचीदार काटे असतात. हे काटे म्हणजे जाड व कठीण झालेले केसच होत.

दिवसा तो बिळात किंवा खडकाच्या कपारीत राहतो व रात्री बाहेर पडतो. कंद, मुळे, फळे व झाडांची साल हे त्याचे अन्न. चितळांची गळून पडलेली शिंगेही तो कुरतडतो. त्यांतून त्यास चुन्याचा अंश मिळतो व सतत वाढणारे दातही झिजतात.

साळिंदर बाणासारखे काटे फेकतो, हा समज खरा नव्हे. शत्रू दिसताच तो काटे फुलवितो व शेपटीचे पोकळ काटे खळखळ वाजवितो. शत्रू तरीही हटला नाही, तर तो पाठमोरा होऊन त्याच्यावर चाल करतो. काटे शत्रूच्या अंगात रुतून तेथेच राहतात. पंजात काटे रुतलेल्या वाघास शिकार करणे कठीण होते.

शेतातील कंद उकरतो म्हणून आणि मांसासाठीही माणसे त्यास मारीत आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षण दिले आहे. वाघापुढे न डगमगणारा हा प्राणी माणसाच्या फासापुढे मात्र दुबळा ठरतो.