बालवाडीतील कर्मचारी : निवड, देखरेख आणि बालकांची सुरक्षितता

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा येथे औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी सकाळी कामावर निघणाऱ्या आईवडिलांना घरातील लहान मूल कोणाच्या तरी स्वाधीन करावे लागते. कोणाचे मूल अंगणवाडीत जाते, कोणाचे खाजगी बालवाडीत, तर कोणाचे पाळणाघरात किंवा शेजारणीकडे. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात कापूस वेचणीचा हंगाम सुरू झाला की हाच प्रश्न शेतमजूर स्त्रियांपुढे उभा राहतो. मूल ज्यांच्या हाती द्यायचे ती माणसे कोण, हीच आईची पहिली चौकशी असते. इमारती, पूरक आहार, वजनाचे तक्ते यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. ही माणसे कशी निवडली जातात आणि त्यांच्यावर देखरेख कोण ठेवते, याचा विचार मात्र बहुधा एखादी दुर्घटना घडल्यावरच होतो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला आपल्यावर काय गुदरले ते नीट सांगता येत नाही. ते सांगते तेव्हा मोठ्यांना कळतेच असे नाही. म्हणून या वयाच्या मुलांच्या संस्थांत कर्मचाऱ्यांची निवड हा केवळ आस्थापना शाखेचा विषय राहू शकत नाही.

अंगणातून खोलीत

महाराष्ट्रात या कार्याला मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास प्रारंभ केला. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. मुले बालवाडीपर्यंत येत नसतील तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, या अनुभवातून अंगणवाडी ही कल्पना आकारास आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. त्यात अमरावती जिल्ह्यातील धारणी या मेळघाटातील गटाचा समावेश होता.

अंगणात भरणाऱ्या वाडीचा एक लाभ सहसा कोणी नोंदवीत नाही. अंगणाला भिंती नसतात. शिकवणारी बाई, तिची मदतनीस आणि मुले ही सारी वस्तीच्या डोळ्यांसमोर असतात. पक्की इमारत, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह ही मुलांच्या आरोग्यासाठी आवश्यकच होती. पण त्यांबरोबर कडी लागणारी दारेही आली, आणि अंगणात जी देखरेख आपोआप होत होती ती आता जाणीवपूर्वक करावी लागते.

अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्या निवडीसंबंधी राज्य शासनाने २ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयाने नियम नव्याने ठरविले. उमेदवार स्त्री त्याच गावची रहिवासी असावी, ती बारावी उत्तीर्ण असावी आणि तिचे वय १८ ते ३५ वर्षांच्या दरम्यान असावे, असे त्यात सांगितले आहे. विधवा उमेदवारांसाठी वयोमर्यादा ४० वर्षांची आहे. स्थानिक रहिवासाच्या अटीचा हेतू सोयीपुरता नाही. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारी बाई त्याच वस्तीत मिळते. शिवाय तिचे घर, स्वभाव आणि पूर्वायुष्य गावाला ठाऊक असते. एका अर्थी गावानेच तिची पडताळणी केलेली असते.

या व्यवस्थेत एक उणीव आहे. निवड मुख्यतः गुणांवर होते. गुणपत्रिकेवरून शिक्षण कळते. दुपारी बारा वाजता पंधरा मुले एकदम रडू लागली तर ती बाई काय करील, हे त्यावरून कळत नाही. म्हणून नेमणुकीनंतरचे पहिले सहा महिने हेच निवडीचे खरे अंग मानले पाहिजे.

दुय्यम पदे

आजवरच्या काही प्रकरणांकडे पाहिले की एक बाब स्पष्ट होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एका खाजगी पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला मारहाण झाल्याचे कॅमेऱ्यातील चित्रणावरून उघडकीस आले. आरोप होता तो तेथील आयेवर. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत शिशुवर्गातील दोन बालिकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारीने राज्य हादरले. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. आरोपी शिक्षक नव्हता. तो कंत्राटी पद्धतीने नेमलेला सफाई कर्मचारी होता. खटला उभा राहण्यापूर्वीच पोलिसांच्या ताब्यात असताना त्याचा गोळीबारात मृत्यू झाला.

इंग्लंडमध्ये सोहम या गावी २००२ साली दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली. गुन्हेगार तेथील माध्यमिक शाळेचा रखवालदार होता. त्याच्याविरुद्ध पूर्वी दुसऱ्या परगण्यात अनेक तक्रारी झाल्या होत्या. नेमणुकीच्या वेळी त्यांची माहिती शाळेपर्यंत पोहोचली नाही. २००४ च्या बिचर्ड चौकशी अहवालाने एका पोलीस दलाकडून दुसऱ्याकडे माहिती कशी गेली नाही हे दाखविले, आणि त्यानंतर त्या देशात मुलांमध्ये काम करणाऱ्यांच्या पडताळणीची पद्धत बदलली.

आया, सफाई कामगार आणि रखवालदार ही तिन्ही पदे दुय्यम समजली जातात. शिक्षिकेच्या नेमणुकीसाठी जाहिरात, अर्ज, छाननी, मुलाखत असे सोपस्कार होतात. सफाईसाठी मात्र ठेकेदार जो माणूस पाठवील तो दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन हजर होतो. मुलाला शौचास नेणे, कपडे बदलणे, जेवण भरविणे, बसमध्ये चढविणे ही कामे याच माणसांकडे असतात. मूल प्रौढ माणसाबरोबर एकटे असण्याचे प्रसंगही याच कामांत अधिक येतात. पडताळणीची कसोटी वेतनश्रेणीवरून ठरवून चालणार नाही. मुलाबरोबर एकटे राहण्याचा प्रसंग कोणाला किती येतो, यावरून ती ठरली पाहिजे.

कायद्याची भूमिका हीच आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ या कायद्याखाली २०२० साली केलेल्या नियमांनुसार, मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेतली पाहिजे. त्यात शाळांबरोबर पाळणाघरांचाही स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, कोणालाही सूट नाही. बदलापूरनंतर शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी काढलेल्या निर्णयातही चारित्र्य पडताळणीवर भर देण्यात आला.

पडताळणी म्हणजे काय

पडताळणीचा दाखला नस्तीत लावला म्हणजे काम संपले, अशी समजूत सर्वत्र आढळते. हा दाखला बहुधा उमेदवाराच्या सध्याच्या पत्त्यावरील पोलीस ठाण्याच्या माहितीवर अवलंबून असतो. यवतमाळला तीन महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाबद्दल तेथील ठाण्याकडे काही नसणे स्वाभाविक आहे. सोहमच्या प्रकरणातील उणीव हीच होती. म्हणून अर्जात मागील पाच-सात वर्षांतील सर्व पत्ते व सर्व नोकऱ्या क्रमवार मागवाव्यात आणि पडताळणीच्या पत्रात ते नमूद करावेत. मध्ये एखादे वर्ष रिकामे दिसले तर त्याचे कारण विचारावे. ग्रामीण भागात पोलीस पाटलाकडे केलेली चौकशी अनेकदा छापील दाखल्यापेक्षा अधिक सांगून जाते.

पूर्वीच्या मालकाचे शिफारसपत्र उमेदवाराच्या हाती असते. ते वाचून थांबू नये. त्या संस्थेला स्वतः दूरध्वनी करावा आणि एक प्रश्न अवश्य विचारावा : ही व्यक्ती परत आली तर आपण तिला कामावर घ्याल काय? पत्रात 'समाधानकारक' असे लिहिणारे गृहस्थ या प्रश्नाला उत्तर देताना अडखळले तर त्या अडखळण्याची नोंद घ्यावी.

मुलाखतीत बालकाच्या विकासाचे टप्पे तोंडपाठ म्हणवून घेण्यात विशेष अर्थ नाही. एका मुलाने कपडे खराब केले आहेत, दुसरे चावत आहे आणि दारात एक अनोळखी पुरुष 'मी हिचा काका' म्हणून उभा आहे. अशा वेळी आधी काय कराल, असे विचारावे. शक्य असेल तेथे उमेदवाराला अर्धा दिवस मुलांमध्ये, जाणत्या सेविकेच्या नजरेखाली, काम करू द्यावे. ठेकेदाराशी करार करताना प्रत्येक कामगाराचे नाव करारात लिहून घ्यावे आणि पूर्वपरवानगीशिवाय बदली माणूस पाठविता येणार नाही, अशी अट घालावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. यवतमाळ जिल्ह्यात पारधी व इतर विमुक्त समाजांची वस्ती आहे. ज्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले होते तो १९५२ साली रद्द झाला, पण संशयाची सवय अद्याप गेलेली नाही. 'त्या वस्तीतली आहे' हा शेरा पडताळणीत बसत नाही. चौकशी व्यक्तीच्या वर्तनाची करावयाची असते, आणि ती सर्व उमेदवारांची सारखीच झाली पाहिजे. सरपंचांच्या नात्यातील उमेदवारही तिला अपवाद नाही.

नेमणुकीनंतर

चांगली माणसे निवडली तरी त्यांना वाईट परिस्थितीत राबविले तर मुले सुरक्षित राहत नाहीत. शासकीय पाळणाघर योजनेत साधारणतः २५ मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस अशी दोन माणसे कल्पिली आहेत. त्यांतील एक रजेवर गेली की दुसरी एकटी उरते. अंगणवाडी सेविकेकडे तर आहार, वजन, लसीकरणाचा पाठपुरावा, गृहभेटी, सर्वेक्षणे आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकरवरील नोंदी अशी कामांची रीघ असते. ती नोंदी भरत असताना मुले कोणाकडे असतात, हा प्रश्न मुख्यसेविकेने भेटीच्या वेळी विचारण्याजोगा आहे. बालशिक्षणाची वेळ नोंदींच्या कामासाठी वापरली जाऊ नये, याची जबाबदारी नोंदी मागविणाऱ्या कार्यालयांवरही येते.

मानधनाचा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविका व मदतनीस बेमुदत संपावर गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात त्यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. ज्या संस्था सेविकांना वर्षभरही टिकवू शकत नाहीत त्यांना दर वेळी नव्या, अपरिचित माणसावर विसंबावे लागते. पुरेसे मानधन व ठरलेली सुटी ही म्हणूनच सुरक्षिततेची साधने आहेत.

दैनंदिन व्यवस्थेत काही साध्या गोष्टी पाळता येतात. मूल शौचास जाताना सोबत जाणाऱ्या स्त्रीने दुसरीला तसे सांगून जावे. खोलीच्या दाराला मुलांच्या वेळेत आतून कडी नसावी. मुलाला कोण नेणार त्यांची नावे पालकांकडून लिहून घ्यावीत आणि त्या यादीबाहेरच्या माणसाच्या स्वाधीन मूल करू नये, मग तो कितीही ओळखीचा असो. दुरुस्तीसाठी आलेला सुतार, साहित्य पोहोचविणारा गाडीवान, निवडणुकीच्या कामासाठी खोली पाहायला आलेले लोक यांना मुले असताना एकटे आत सोडू नये. मुख्यसेविकेची भेट पूर्वसूचना देऊन आणि नेहमी सकाळी दहा वाजता झाली तर तिला तयार केलेले चित्रच दिसेल. जेवणाची वेळ आणि सुटीची वेळ या दोन वेळा पाहण्यासारख्या असतात.

तक्रार आली तर

स्थानिक सेविकेच्या नियमाची दुसरी बाजू येथे पुढे येते. गावात सारेच एकमेकांचे कोणीतरी असतात. तक्रार करावी तर भावकी दुखावते, न करावी तर मूल दुखावते. अशा वेळी प्रथम आपसांत चौकशी करू, मग पाहू, असा सल्ला देणारी वडीलधारी मंडळी भेटतात. कायद्याने हा मार्ग बंद केला आहे. वर उल्लेखिलेल्या २०१२ च्या अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. बदलापूर प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनाविरुद्धची कारवाई याच कलमाखाली झाली. मारहाण, उपासमार किंवा हेळसांड यांसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ आहे. मुलांच्या संगोपनाची जबाबदारी असलेल्या संस्थेतील कर्मचाऱ्याने असा अपराध केल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे.

मूल काही सांगू लागले तर ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. सेविकेने, मग मुख्याध्यापकांनी, मग सरपंचांनी असे त्याला पुन्हा पुन्हा विचारीत बसू नये. ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याच क्षणी मुलांपासून दूर करावे, आणि पोलिसांत किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. आपल्या सहकाऱ्याविषयी शंका बोलून दाखविणाऱ्या मदतनीसेची नोकरी जाणार नाही, हे तिला नेमणुकीच्या दिवशीच सांगितलेले असले पाहिजे. मदतनीस घाबरली तर प्रकल्प अधिकाऱ्यांपर्यंत काहीच पोहोचत नाही.

ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. स्वच्छतागृहाच्या दारात बदल करणे, स्वयंपाकघर व वर्ग यांच्यामधल्या भिंतीत खिडकी पाडणे, पटांगणाला कुंपण व एकच फाटक ठेवणे ही कामे या रकमेतून करता येण्याजोगी आहेत. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीने गावातील अंगणवाडी, खाजगी बालवाडी आणि पाळणाघर येथे काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव, पत्ता आणि पडताळणीचा दिनांक यांची यादी ठेवावी. त्यात गाडीचालक, सफाई कामगार आणि आठवड्यासाठी आलेली बदली मदतनीसही असावी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ही यादी वाचून दाखविली तर ज्या नावासमोर दिनांकाचा रकाना कोरा आहे, ते नाव सर्वांना ऐकू येईल.