वालपापडीचा वेल माजतो तेव्हा

नाशिकच्या अंबड-सिडकोत रो-हाउसच्या कुंपणावर नाहीतर गच्चीतल्या मांडवावर वालपापडी लावणारे पुष्कळ आहेत, आणि पावसाळा सरता सरता त्यांची तक्रारही एकच असते: वेल माजलाय, पण फूल नाही. मग कुणीतरी चमचाभर युरिया टाकायला सांगतं आणि तिथेच काम बिघडतं.

वेलीचा वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये टोकला काय किंवा जुलैत, आपल्याकडे फुलोरा साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारासच धरतो. तोवर वरून दिलेलं नत्र नुसतं पाल्यात जातं. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र मिळवतातच, त्यामुळे लावताना चांगलं कुजलेलं शेणखत पुरतं. आता खत बंद करा, शेंडे खुडा आणि पाणी जरा ताणून द्या. कळ्या दिसल्या की मात्र पाण्यात खंड नको, नाहीतर फुलगळ होते. एवढा धीर नसेल तर पुढच्या वेळी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा बुटका ‘कोकण भूषण’ लावा, तो कुंडीतही येतो. फक्त कुंडीसाठी रसायनांचे जुने ड्रम भंगारातून आणू नका. खायची भाजी त्यात लावूच नये.

युरियाने लुसलुशीत झालेल्या शेंड्यांवर मावा आधी बसतो. त्याची वर्दी मुंग्या देतात. वेलावर त्यांची रांग दिसली की कोवळा शेंडा आणि फुलांचा दांडा निरखून पाहा. काळे किडे दाटीने चिकटलेले असतात, खालची पानं चिकट होतात आणि पुढे त्यांवर काजळी धरते. त्याच गर्दीत नारिंगी ठिपक्यांची, काळपट, खरबरीत अळी फिरताना दिसली तर तिला हात लावू नका. ती ढालकिड्याची अळी, माव्यावरच जगते. लोक तिलाच आधी चिरडतात, याचं फार वाईट वाटतं.

भरलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, बाकी वेल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. तरीही मावा उरला तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, थोडा साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. ढगाळ हवा पडली की आठवड्याने पुन्हा फवारणी करावी.

शेंगेला भोक आणि तोंडाशी विष्ठा दिसली तर आत अळी आहे. ती शेंग तोडून नष्ट करा, वेलाखाली टाकू नका. पानांवर पिवळेधमक चट्टे पसरत गेले तर तो मोझॅक. त्यावर औषध नाही. वेल लवकर उपटावा आणि हा रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. सगळी पानं सारखीच फिकट पडत असतील तर आधी कुंडीचं भोक बुजलंय का ते बघा.

शेंगा लागल्या की दर तीन-चार दिवसांनी कोवळ्या असतानाच तोडा. जून शेंगा वेलावर राहिल्या की नवा फुलोरा मंदावतो.