बिघडलेला शॉर्टकट : निदानाचा एक पाठ



शाळेच्या संगणकाची कार्यप्रणाली बदलली, की पुढचे काही दिवस अडचणीचे जातात, हा आपल्यापैकी पुष्कळांचा अनुभव आहे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला व अनेक ठिकाणी विंडोज ११ घेणे भाग पडले. अशा बदलानंतर मराठी लिहिण्यासाठी सवयीने दाबावयाचा शॉर्टकट चालेनासा झाला, तर शिक्षकाने कोणत्या क्रमाने विचार करावा, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

प्रसंग

वार्षिक निकालाच्या सुमारास मी पवई येथे एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. जवळच्याच एका शाळेच्या मुख्याध्यापिका मोठ्या विवंचनेत आहेत, असे त्यांच्याकडून कळले, म्हणून सकाळी शाळेत गेलो. बाईंची सेवा सरत आलेली. वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन नेटाने शिकून घेतले होते. आदल्या दिवशी संगणकावर नवी कार्यप्रणाली चढविण्यात आली, आणि डावी आल्ट व शिफ्ट या दोन कळा एकदम दाबल्या, की इंग्रजीची मराठी होत असे, ती होईना. शाळा सोडल्याचे दाखले दुसऱ्या दिवशी द्यावयाचे होते.

कोणी म्हणे, कळफलक नवा घ्या. कोणी म्हणे, नावे रोमन लिपीत लिहून बाहेरून मराठीत करून आणा. बाईंना हे मान्य नव्हते. रोमन लिपीवरून मराठी करताना 'साठे'चे 'साते' व्हावयास वेळ लागत नाही, आणि दाखल्यावरील नावाची चूक मुलाला पुढे कित्येक वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावयास लावते. पण याहून मनाला लागणारे वाक्य त्यांनी शेवटी उच्चारले : “शिकलेले सगळे वाया गेले. आता आमचे दिवस संपले म्हणायचे.”

चूक काय सांगते?

मी बाईंना म्हटले, “आपल्या गावाचे नाव टंकित करा पाहू.” त्यांनी 'पवई' या शब्दासाठी सवयीच्या तीन कळा दाबल्या. पडद्यावर उमटली ती इंग्रजी अक्षरे : लहान एच, लहान बी आणि मोठा आर.

ही तीन अक्षरे नीट वाचावीत. इन्स्क्रिप्ट पद्धतीत एचच्या कळीवर 'प', बीच्या कळीवर 'व' आणि शिफ्टसह आरच्या कळीवर 'ई' असते. म्हणजे बाईंची बोटे अचूक ठिकाणी पडली होती. त्यांची विद्या शाबूत होती. तीनही कळा चालत होत्या. तेव्हा कळफलक मोडलेला नव्हता. शेवटचे अक्षर मोठे उमटले, त्याअर्थी शिफ्टची कळही ठीक होती. बिघाड उरला तो एकच : संगणक अद्याप इंग्रजीतच होता. नवा कळफलक आणला असता, तर खर्च झाला असता आणि दुखणे तसेच राहिले असते.

कारणमीमांसा

शॉर्टकट हा कळीत नसतो. कळ दाबली, एवढीच वर्दी कळफलक देतो. तिचा अर्थ लावण्याचे काम कार्यप्रणाली करते. शाळेत दोन टोले पडले म्हणजे मधली सुट्टी, असा संकेत आहे असे समजा. नव्या मुख्याध्यापकांनी तो बदलला आणि मुलांना सांगितलेच नाही, तर दोन टोले पडूनही कोणी जागचे हलणार नाही. घंटा फुटली असे म्हणून ती बदलावयाची नसते; बदललेला संकेत शोधावयाचा असतो. कार्यप्रणाली बदलताना जुन्या नोंदींपैकी एखादी गळते किंवा बदलते, आणि आल्ट-शिफ्टचा संकेत रद्द झालेला आढळतो.

निदानाचा क्रम

खालील पायऱ्या क्रमाने घ्याव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक बदलानंतर एक शब्द टंकित करून पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या उपायाने गुण आला, हे कळत नाही.

१. कळा तपासाव्यात. विंडोजची कळ, कंट्रोल व ओ एकत्र दाबल्यास पडद्यावर कळफलकाचे चित्र येते. खरी कळ दाबली, की चित्रातील कळ उजळते. आल्ट व शिफ्ट उजळल्या, तर यंत्राविषयीची शंका मिटली.

२. मराठी कळफलक आहे का, ते पाहावे. पडद्याच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात भाषेचे चिन्ह असते. त्यावर माउसने टिचकी मारून मराठी निवडावी. मराठी यादीतच नसेल, तर शॉर्टकट तरी कोठे नेणार? सेटिंग्जमधून आधी ती भाषा जोडावी.

३. कोणता मराठी कळफलक आहे, तेही पाहावे. २०१९ च्या मे महिन्यातील सुधारणेपासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसारी 'मराठी फोनेटिक' कळफलकही आला. इन्स्क्रिप्ट शिकलेल्याने तो निवडला, तर भाषा मराठी असूनही भलतीच अक्षरे उमटतात.

४. दुसरा शॉर्टकट वापरून पाहावा. विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला, की जोडलेले कळफलक एकामागून एक पुढे येतात. येथे मराठी आली, तर दोष केवळ आल्ट-शिफ्टच्या संकेतात आहे, असे निश्चित समजावे.

५. संकेत पुन्हा नेमावा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज, असे क्रमाने जावे. 'बिटवीन इनपुट लँग्वेजेस' ही ओळ निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबावे. तेथे 'नॉट असाइन्ड' असे असल्यास 'लेफ्ट आल्ट प्लस शिफ्ट' निवडून मान्य करावे.

६. शॉर्टकट चालतो, पण दुसरी खिडकी उघडताच भाषा बदलते, अशी तक्रार असल्यास ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्येच पाहावे. प्रत्येक खिडकीसाठी निराळा कळफलक ठेवण्याची एक चौकट तेथे असते. तिची खूण काढून टाकावी.

बाईंच्या संगणकावर पहिल्या चार पायऱ्या निर्दोष निघाल्या. पाचव्या पायरीवर 'नॉट असाइन्ड' हे शब्द दिसले. त्यांनी स्वतःच्या हाताने संकेत नेमला, 'पवई' लिहिले, आणि मग एक अक्षर न बोलता पहिला दाखला पुढे ओढला. दुपारपर्यंत सारे दाखले तयार झाले.

विद्या का टिकते?

हे सारे पवईस घडावे, हाही एक योगच. १९५८ साली स्थापन झालेली भारतीय प्रौद्योगिकी संस्था येथेच आहे. तिच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजवरील 'मंगल' हा देवनागरी अक्षरसंच घडविला. इन्स्क्रिप्टची मांडणीही अशीच विचारपूर्वक झालेली आहे : स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. १९९१ च्या भारतीय मानकात या मांडणीचा समावेश झाला. ती कोणत्याही एका कार्यप्रणालीच्या मालकीची नाही. म्हणून प्रणाली बदलते, शॉर्टकट बदलतो. परंतु बोटांत मुरलेली मांडणी बदलत नाही. वयाने वडील असलेल्या सहकाऱ्यांना हे आवर्जून सांगावे.

वर्गातील उपयोग

४२ मधून १७ वजा करताना एखादे मूल ३५ हे उत्तर लिहिते. आपण लाल रेघ ओढून मोकळे होतो. परंतु ते उत्तर वाचावे. मुलाने ७ मधून २ आणि ४ मधून १ वजा केले. म्हणजे त्याला वजाबाकी येते, फक्त हातचा घेण्याचा संकेत त्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही. सारी वजाबाकी पुन्हा शिकविणे हे येथे नवा कळफलक विकत आणण्यासारखे होय. “मला काहीच येत नाही” असे म्हणणाऱ्या मुलाला, त्याला काय येते हे त्याच्याच चुकीतून दाखवून देणे, हा उपचाराचा निम्मा भाग आहे.

स्वाध्याय

१. संगणक इंग्रजीत ठेवून 'शाळा' या शब्दाच्या इन्स्क्रिप्ट कळा दाबा. उमटलेल्या अक्षरांवरून कोणकोणत्या कळा निर्दोष ठरतात, ते लिहा.
२. आपल्या शाळेच्या संगणकावरील कळफलक व शॉर्टकट यांची नोंद एका कागदावर करून ती संगणकाजवळ लावा. प्रणाली बदलण्यापूर्वी हे काम अवश्य करावे.
३. आपल्या वर्गातील एका विद्यार्थ्याची गणितातील पाच चुकीची उत्तरे घ्या. प्रत्येक उत्तरापुढे, त्याला काय येते हे आधी लिहा. काय राहिले, ते नंतर लिहा.