धूर विरतो, कण उरतात



ऊसतोड झाली की फडातला पाला पेटवून देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तासाभरात रान मोकळे होते, धूर विरतो आणि काम उरकले असे आपल्याला वाटते. पण खरे दुखणे तिथूनच सुरू होते.

जळताना उडालेली काळी राख जड असते. ती अंगणात पडते, झाडून टाकता येते. त्याच धुरात अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण असतात. आपला केस सुमारे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत कित्येक दिवस राहतात आणि वाऱ्याबरोबर दूर जातात. हिवाळ्यात रात्री गार हवा जमिनीलगत साचते, तेव्हा धूर गावातच कोंडतो.

मोठी धूळ नाकात अडते. बारीक कण मात्र थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. काही रक्तातही उतरतात. त्यामुळे दमा बळावतो, लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो, हृदयविकार व पक्षाघातही संभवतो. आपल्या देशात २००९ साली या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ असावी, असे सुचविले.

शेतात काय करावे?

पाला जाळू नये, खोडव्यात कुजवावा. बुडखे जमिनीलगत छाटून पाला सरीत पसरावा. एक टन पाल्याला ८ किलो युरिया व १० किलो सुपर फॉस्फेट टाकावे. पाला कुजविणारे जिवाणू १ किलो घेऊन शेणकाल्यातून शिंपडावे व पाणी द्यावे. पाल्याखाली ओल टिकते, तण कमी उगवते व जमिनीला सेंद्रिय खत मिळते. जाळल्यास पाल्यातील बहुतेक नत्र हवेत उडून जाते.

घरात काय करावे?

चुलीच्या धुरातही हेच कण असतात. शक्य तिथे गॅस वापरावा. चूल पेटवावीच लागली, तर लाकूड वाळलेले व बारीक फोडलेले असावे, धुराडे वेळोवेळी झाडावे आणि खिडकी उघडी ठेवावी. गरोदर बाई व तान्हे मूल चुलीपासून दूर असावे. प्लास्टिक व कचरा परसात पेटवू नये. धुरात जाणे भागच पडले, तर नाकाला बांधलेल्या रुमालावर विसंबू नये. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा.

आपल्या फडाचा धूर शेजारच्या पाळण्यापर्यंत पोहोचतो. यंदा तोड झाल्यावर काडेपेटी खिशातच राहू द्या.