पहिल्या सरीला वीज का जाते?

प्रश्न : आमचे गाव मालवणजवळ, समुद्राला लागून आहे. पावसाची पहिली भुरभुर सुरू झाली की खांबावरून चरचर आवाज येतो, कधी ठिणग्या दिसतात आणि वीज जाते. जोराच्या पावसात मात्र असे होत नाही. असे का?

उत्तर : खांबावर चिनी मातीचे जे इन्सुलेटर दिसतात, ते ११ हजार व्होल्टची तार लोखंडी खांबापासून वेगळी ठेवतात. त्यांच्या छत्रीसारख्या कडांमुळे विजेला पृष्ठभागावरून लांब, वळणावळणाची वाट काढावी लागते. शिवाय कडांखालचा भाग पावसातही बराचसा कोरडा राहतो.

उन्हाळाभर खाऱ्या वाऱ्याने त्यांवर मीठ आणि धूळ साचते. कोरडे मीठ निरुपद्रवी असते, पण भुरभुरीने ते ओले झाले की त्या थरातून वीज झिरपू लागते. झिरपणाऱ्या विजेच्या उष्णतेने मधले पट्टे वाळतात आणि त्यांवरून ठिणग्या उडतात. चरचर ती हीच. ठिणग्या जोडल्या गेल्या की वीज थेट खांबात उतरते आणि उपकेंद्रातला ब्रेकर लाइन बंद करतो. तो आपल्या रक्षणासाठीच असतो. मुसळधार पाऊस मात्र मीठ धुऊनच टाकतो.

उपाय म्हणजे पावसाळ्यापूर्वी इन्सुलेटर पुसणे, तडकलेले बदलणे, किंवा पाणी न धरणारे सिलिकॉन रबराचे बसवणे. हे काम वीज कर्मचाऱ्यांचेच. आपण खांबाला किंवा ताणाच्या तारेला हात लावू नका, गुरे बांधू नका. ठिणग्या दिसताच १९१२ वर कळवा.