वलगणीचे मासे : त्यांचे जीवनचक्र व त्यांची जपणूक

मृग नक्षत्राचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला, ओहोळांना गढूळ पाणी आले व ते भाताच्या खाचरांतून बांधावरून वाहू लागले, की वसई तालुक्याच्या पूर्वेकडील गावांतून माणसे रात्री बत्त्या घेऊन शेताकडे निघतात. कोणाच्या हाती पाग असतो, कोणाच्या हाती कोयता. कोणी ओहोळाच्या अरुंद तोंडाशी कामट्यांचा सापळा आधीच लावून ठेवलेला असतो. प्रवाहाच्या उलट दिशेने मासे वर चढत असतात. एरवी माणसाची सावली पडताच पळणारा मासा या रात्री घोटाभर पाण्यात पायाशी येतो. या चढाईलाच आपल्याकडे वलगण म्हणतात. दक्षिण कोकणात याच माशांना चढणीचे मासे असे नाव आहे. गाबोळीने भरलेला हा मासा चवीला उत्तम लागतो, याविषयी दुमत नाही.

परंतु ही गाबोळी म्हणजे पुढील सालचे मासे होत. हा मासा नेमका याच दोन-चार दिवसांत इतका बेसावध का होतो, तो कोठून येतो व कोठे जातो, हे समजून घेतल्यावाचून आपल्या ओहोळांत मासे का उरले नाहीत या नित्याच्या तक्रारीचा उलगडा होणार नाही.

उन्हाळ्यातील आसरा

वसई-विरारच्या उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वर व कामणचे डोंगर आहेत. डोंगरांतून उतरणाऱ्या ओहोळांची लांबी थोडी. काही कोसांतच ते खाडीला मिळतात. पावसाळ्यात येथे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तरी उन्हाळा लागला की यांतील बहुतेक ओहोळ आटतात व खालच्या अंगास भरतीचे खारे पाणी आत शिरते. गोड्या पाण्यातील माशाला वर कोरडे पात्र आणि खाली खारट पाणी अशी अवस्था होते. त्याला आसरा देणारी स्थाने उरतात ती तीनच : ओहोळातील डोह, गावतळी आणि बावखले.

बावखल हा शब्द वसईबाहेरील वाचकांस परिचित नसेल. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील केळी, भाजीपाला, फुले व पानवेली यांच्या वाड्यांना पाणी मिळावे म्हणून पूर्वजांनी खोदलेली ही लहान तळी होत. त्यांवर रहाट चालत असत. पावसाचे गोडे पाणी साठवून जमिनीत मुरविणे व भूगर्भातील खारटपणा दूर ठेवणे हे त्यांचे मोठे कार्य; मासा तेथे आपसूक वाढतो. यांतील पुष्कळ बावखले मागील काही दशकांत भराव टाकून बुजविली गेली आहेत. विहिरीचे पाणी मचूळ झाले म्हणजे बागायतदाराच्या ध्यानात ही हानी येते. माशाची हानी मात्र कोणी मोजीत नाही.

डोह आटू लागला म्हणजे सर्वच मासे मरतात असे नाही. मरळ, मांगूर व शिंगी यांना कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचे जादा इंद्रिय असते. त्यामुळे प्राणवायू संपत आलेल्या कोमट पाण्यातही ते तग धरतात, आणि मरळ तर ओल्या चिखलात रुतून बसून पावसाची वाट पाहते. खवलीसारख्या लहान माशांना ही सोय नाही. त्यांना थोडे का होईना, स्वच्छ पाणी वैशाख अखेरपर्यंत मिळालेच पाहिजे.

मासा का चढतो ?

माशाचे अंडाशय एका रात्रीत भरत नाही. हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला व पाणी तापू लागले, की मादीच्या पोटातील अंडी हळूहळू पोसू लागतात. ज्येष्ठाच्या सुमारास ती तयार झालेली असतात. परंतु तयार असणे निराळे आणि अंडी घालणे निराळे. अखेरची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीकडून यावी लागते, व ही ग्रंथी पहिल्या पुराची खूण पटल्याशिवाय ती आज्ञा देत नाही. पाण्याचे तापमान एकाएकी उतरणे, साचलेल्या पाण्यात पावसाचे नवे पाणी मिसळून त्यातील क्षार सौम्य होणे, भिजलेल्या मातीचा अंश पाण्यात येणे आणि अंगावर प्रवाहाचा जोर जाणवणे, या साऱ्यांची मिळून ती खूण होते.

पश्चिम बंगालमधील बांकुडा व मिदनापूर भागात या गोष्टीचा उपयोग मत्स्यपालक फार पूर्वीपासून करीत आले आहेत. उतारावर बांध घालून त्यामागे रोहू-कटल्याची जोडपी सोडावयाची व माळरानाचे पाणी त्यात एकदम येऊ द्यावयाचे, की तेथे प्रजनन होते. साध्या तळ्यात मात्र हेच मासे पूर्ण वाढूनही अंडी घालीत नाहीत. म्हणून पूर्वी यांचे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. डॉ. हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून तळ्यातच अंडी घालवून घेतली. आज शेततळ्यात सोडण्यासाठी आपण जे मत्स्यबीज विकत आणतो त्याचा पाया त्या दिवशी घातला गेला, आणि म्हणूनच 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आपल्या ओहोळातील खवलीला मात्र कोणी अर्क टोचीत नाही. तिला मृगाच्या पावसावरच विसंबावे लागते, व तो साधला नाही तर तिचे वर्ष वाया जाते.

आता प्रश्न उरतो तो प्रवाहाच्या विरुद्ध जाण्याचा. आमच्या ओहोळांची लांबी लक्षात घेता यातील शहाणपण सहज दिसून येईल. खालच्या अंगास घातलेली अंडी पुराबरोबर खाडीच्या खाऱ्या पाण्यात जाऊन नष्ट होतील. उलट वरच्या अंगाची खाचरे उथळ असतात, त्यांतील पाणी लवकर ऊब धरते, आणि उन्हाने तापलेली जमीन भिजताच त्या पाण्यात सूक्ष्म जीवांची रेलचेल होते. पिलांना दाणागोटा तेथे तयारच असतो, व मोठे शिकारी मासे अशा पाण्यात फारसे नसतात. भाताचे खाचर ही माशाची बाळंतिणीची खोली आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

(जाता जाता येथे अहिराचा उल्लेख करावासा वाटतो. सापासारखा दिसणारा हा मासा वाढतो गोड्या पाण्यात, पण अंडी घालण्यास खोल समुद्रात जातो. त्याची सुतासारखी बारीक पिले मागाहून नदीत चढतात. म्हणजे याचा संसार वलगणीच्या अगदी उलट !)

अंड्यापासून पिलापर्यंत

वलगणीत खवली, मुरी, शिंगटी, शिंगी, मांगूर, मरळ, शिवडा अशा अनेक जातींचे मासे आढळतात. सर्वांची अंडी घालण्याची रीत मात्र सारखी नाही. खवलीची मादी आकाराने बोटभर, तरी तिच्या पोटात अंडी हजारांनी मोजावी लागतात. ती चिकट असून बुडालेल्या गवताच्या काड्यांना डकतात. एकदा अंडी घातली की आईबापांचा त्यांच्याशी संबंध संपतो. इतकी अंडी असण्याचे कारणही हेच. बहुतेक पिले बेडूक, पाणकिडे व बगळे यांच्या मुखी पडतात.

मरळीची गोष्ट वेगळी आहे. नर-मादी मिळून उथळ पाण्यातील गवत बाजूस सारून एक मोकळी जागा करतात व तेथे पिवळसर अंडी पृष्ठभागावर तरंगत राहतात. अंडी फुटून पिले बाहेर आली की ती तांबूस रंगाच्या झुंडीने पोहतात, आणि आईबाप त्या झुंडीच्या खाली राहून पहारा करतात. ही झुंड पाहून खालच्या मोठ्या मरळीवर नेम धरण्याची सवय काही ठिकाणी आहे. तीत एक मासा मिळतो आणि शेकडो पिले निराधार होतात. यास मासेमारी म्हणावी की नासाडी हे वाचकांनीच ठरवावे. मांगूरही बांधाच्या कडेला बीळ करून अंड्यांची राखण करतो.

पिले श्रावण-भाद्रपदात खाचरांत वाढतात. डासांच्या अळ्या हे त्यांचे आवडते खाद्य असल्याने शेतकऱ्यास त्यांचा उपसर्ग तर नाहीच, उलट लाभ आहे. आश्विनात खाचरांतील पाणी ओसरू लागले की ती पाण्यामागोमाग खाली उतरतात व डोहांत, तळ्यांत, बावखलांत जाऊन राहतात. पुढील उन्हाळा काढून वाचली ती पुन्हा वलगणीला येतात. लहान जातींचे मासे वर्षभरातच अंडी घालण्याजोगे होतात; म्हणूनच एका साली वाट रोखली तर दुसऱ्या सालीच ओहोळ ओस पडलेला दिसतो.

वाट मोकळी ठेवणे

समुद्रात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, व त्यामागील कारण किनाऱ्यावरील प्रत्येक कोळी बांधवास ठाऊक आहे. नेमक्या त्याच दिवसांत, कोस-दोन कोस आत, गाबोळीचे मासे टोपल्यांनी धरले जातात हे विसंगत आहे. आदिवासी वा अल्पभूधारक कुटुंबाने एका रात्री कालवणापुरते मासे आणले, त्याने ओहोळ रिता होत नाही. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. खरी हानी ओहोळाची सारी रुंदी अडवून लावलेल्या जाळ्याने व सापळ्याने होते, कारण त्यातून एकही मादी वर जात नाही. निदान पहिल्या पुराचे चार दिवस आणि ओहोळाची अर्धी रुंदी मोकळी ठेवावी, असा ठराव गावकऱ्यांनी एकत्र बसून करणे अवघड नाही. मासे धरावयाचेच तर आश्विनातील उतरणीचे धरावेत. तेव्हा ते अंडी घालून चुकलेले असतात, पिले पोसलेली असतात, आणि त्यांतील पुष्कळशी उन्हाळ्यात तशीही मरणारच असतात. गाबोळी मिळणार नाही हे खरे.

विष किंवा सुरुंग लावून मासे मारणे हा 1897 च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमापासून गुन्हा आहे. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

जाळ्याइतकाच अडथळा बांधकामाचा होतो, व त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पेल्हार, उसगाव किंवा पापडखिंड येथील धरणाची भिंत मासा चढू शकत नाही हे उघड आहे. परंतु शेतरस्त्याखाली घातलेल्या नळाचे तोंड ओहोळाच्या तळापासून वीतभर जरी उंच राहिले, तरी खवलीसारख्या लहान माशास तीही भिंतच होते. नळ बसविताना त्याचा तळ ओहोळाच्या तळाशी मिळता ठेवावा. आधीच उंच बसला असल्यास खालच्या बाजूस दगडांची उतरती रास रचून पाणी पायरीपायरीने वाहील असे करावे. याला खर्च नाही, एका दुपारचे काम आहे. बांध घालतानाही ओहोळाकडील एक तोंड आषाढ संपेपर्यंत उघडे राहील अशी व्यवस्था ठेवावी. खाचरात पिले दिसत असताना कीटकनाशकाची दाणेदार औषधे शक्यतो टाकू नयेत; टाकणे अपरिहार्य झाल्यास त्या खाचराचे पाणी काही दिवस ओहोळात सोडू नये.

बावखलाच्या मालकांस एक विनंती आहे. गाळ काढावयाचा तो वैशाखात काढावा, पण सर्व तळ एकाच वर्षी खरवडू नये. एका बाजूचे खोल पाणी व काठचे गवत राखून ठेवावे. त्यात चिलापी सोडू नये. हा मासा 1952 मध्ये परदेशातून आपल्या देशात आला. तो अंडी व पिले तोंडात सांभाळतो, त्याला पुराची गरज लागत नाही, आणि थोड्याच अवधीत तो देशी माशांची जागा व्यापून टाकतो. आफ्रिकी मांगुराच्या संवर्धनास तर देशात बंदीच आहे. बाजारातून जिवंत आणलेला मांगूर पुण्यकर्म म्हणून तळ्यात सोडण्यापूर्वी तो देशी आहे ना, याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी.

ज्यांच्या शेताला ओहोळ लागून आहे त्यांनी एका वहीत दरसाल तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : पहिला मासा चढलेला दिवस, त्या दिवशी पडलेल्या पावसाचा अंदाज आणि दिसलेल्या माशांच्या जाती, आपल्या गावात त्यांना ज्या नावाने ओळखतात त्याच नावाने. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयास भेट देण्याचा प्रसंग येईल तेव्हा ती वही बरोबर न्यावी.